तीच मुलं पुन्हा पुन्हा: जुन्या वाडीत जंगलाची शाळा कशी चालवावी

आमची वाडी ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पायथ्याला आहे. सासऱ्यांच्या आजोबांनी १९११ साली बांधलेलं कौलारू घर, मागे नऊ एकर जमीन आणि कुंपणापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द. मी ठाण्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. २०१६ मध्ये निवृत्त झाले, त्याच वर्षी डोंगरावर कारवीची झुडपं फुलली, आणि आम्ही घराचा दिंडी दरवाजा मुलांसाठी उघडला. आता ज्यांच्याकडे अशीच एखादी वाडी, वाडा नाहीतर जुना बंगला आहे, एकीकडे बिल्डरचे फोन येताहेत आणि दुसरीकडे मन तयार होत नाहीये, अशी माणसं मला विचारतात की हे चालवता कसं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बाकी सगळं ज्यावर उभं आहे ते आधी सांगते. दर वेळी नवी मुलं आणू नका. तीच मुलं वर्षातून चार वेळा आणा.

हे मी चुकून शिकले. पहिल्या ऑगस्टमध्ये एका शाळेने तीन बस पाठवल्या, एकशेवीस मुलं. मला आनंदच झाला होता. ओटीवर मुलं मावेनात, माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेना, पायवाटेवर चिखलाचा नुसता रस्ता झाला. पाखरू एक दिसलं नाही. परत जाताना एका मुलाने मला विचारलं, "बाई, जंगल कधी दाखवणार?" तो जंगलातच उभा होता. त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: एका वेळी चोवीस. सहा-सहाच्या चार तुकड्या, प्रत्येक तुकडीबरोबर एक वाटाड्या. त्यानंतर हा आकडा मी कुणासाठीही वाढवला नाही, मोठी देणगी देणाऱ्यांसाठीसुद्धा नाही.

आधी कागद

सुरुवात सातबारापासून करा. इतर हक्कांच्या रकान्यात 'खाजगी वन' असा शेरा आहे का, ते बघा. ठाणे परिसरातल्या डोंगरालगतच्या कितीतरी जमिनींवर तो आहे. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली अशा जमिनी सरकारजमा झाल्याचं धरलं गेलं, आणि लोकांना ते कित्येकदा पुष्कळ उशिरा कळलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संपादनासाठीच्या जुन्या नोटिसांबद्दल जमीनधारकांच्या बाजूने महत्त्वाचा निकाल दिला, पण म्हणून आपलं आपोआप मिटलं असं समजू नका. प्रत्येक उताऱ्याची कथा निराळी असते. जुने फेरफार काढा, सरकारी मोजणी करून घ्या, हद्दीचे दगड मुलांना दाखवता येतील इतके मोकळे करा. आमच्या पहिल्या फेरीत मुलं हद्दीच्या दगडावर हात ठेवतात आणि सरकारी जंगल म्हणजे काय, ते कुठून सुरू होतं, हा धडा तिथेच होतो.

उद्यानाभोवतालचा इको सेन्सिटिव्ह झोन डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाला. तुमची वाडी त्यात येत असेल तर नवी खोली, बोअरवेल, सपाटीकरण यातलं काहीही विचारल्याशिवाय करू नका. महापालिका हद्दीत स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलासुद्धा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कुंपणापलीकडे मुलांना न्यायचं तर वनखात्याची लेखी परवानगी हवी. आम्ही बहुतेक वेळा कुंपणाच्या आतच राहतो. नऊ एकरांत वर्षभर पुरेल इतकं आहे.

संस्था म्हणून नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करा. विश्वस्तांत घरचे निम्म्यापेक्षा कमी ठेवा. भाऊबंदकीत बुडालेल्या वाड्या मी पाहिल्या आहेत.

घर हेच पहिलं झाड

पुष्कळ जण मला विचारतात की माहितीफलक किती लावले, प्रदर्शनाची खोली कुठे आहे. एकही फलक नाही. घरच दाखवायचं. मुलं आली की पहिला अर्धा तास ओटीवर, आणि एकच प्रश्न: हे घर जंगलातून काय काय घेऊन उभं राहिलं?

खांब आणि तुळया सागाच्या. सागाचं कोवळं पान हातावर चोळलं की तळहात लाल होतो, ते प्रत्येकाने करून बघायचं. मग मी सांगते की मुंबईच्या गोदीत १८१७ साली मलबारी सागाचं ट्रिंकोमाली नावाचं जहाज बांधलं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे. १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे आली, मग ती वाढत गेली आणि रुळांखालच्या लाकडासाठी रानंच्या रानं लागली. १८६४ मध्ये वनखातं निघालं. त्यानंतर जंगलाच्या कडेने ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना त्याच जंगलात काटकी मोडण्याचा हिशेब द्यावा लागू लागला. दहा वर्षांच्या मुलाला हे कळतं. सांगणाऱ्याने हात सागाच्या खांबावर ठेवून सांगायला हवं, एवढंच.

मागच्या पडवीची भिंत कुडाची आहे: कारवीच्या काठ्या, वर शेणमाती. कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा, कारण धामण लवचिक असते आणि हाताला झटका बसू देत नाही. माळ्यावर बांबूची कणगी आहे, खुंटीला इरलं आहे. कौलं मंगळुरी. त्यांचा कारखाना बासेल मिशनने १८६० च्या दशकात काढला, आणि अशा भट्ट्याही लाकडावरच पेटायच्या. तुमच्या घरात काय आहे याची अशी यादी करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि पाड्यावरच्या जाणत्याला एकत्र बसवून करा. आमची यादी सासूबाई आणि पाड्यावरच्या एका आजोबांनी दोन दुपारी बसून केली. दोघंही आता नाहीत. हे काम पुढे ढकलू नका.

दुरुस्तीबद्दल कळकळीने सांगते. २०१७ मध्ये एका कंत्राटदाराच्या सल्ल्याने मी जोत्याला सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळ्यांत ओल भिंतीतून वर चढली, मागचा चुना भुगा होऊन पडायला लागला, आणि एका खांबाच्या बुडाला वाळवी लागली. जुनी भिंत चुन्याची असते, ती आत आलेलं पाणी बाहेर सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद होतं. मग सगळं खरवडून काढलं. चुना महिनाभर भिजवला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून नव्याने गिलावा केला. खर्च दुप्पट झाला. चुन्याचं काम येणारा गवंडी आधी शोधा, घराला हात नंतर लावा.

आणि शाकारणी. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर वानरं कौलांवरून उड्या मारतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत चढवायची. माळ्यावर वटवाघळं किंवा गव्हाणी घुबडाचं घरटं असेल तर तेवढा भाग सोडून काम करा. आमच्याकडे घुबड आहे. त्याने ओकलेल्या गोळ्या मुलं सुईने सोडवतात आणि आतली उंदरांची हाडं कागदावर मांडतात. कुठल्याही प्रयोगशाळेत इतकी शांतता मी पाहिली नाही.

मुलींसाठी वेगळा, पाणी असलेला, कडी नीट लागणारा संडास होईपर्यंत मात्र एकही शाळा बोलावू नका.

चार फेऱ्या

एका वर्गाच्या चार फेऱ्या: जून, सप्टेंबर, फेब्रुवारी, मे. पाचवीचा वर्ग उत्तम. शाळेला हे आधी पटत नाही, त्यांना 'एक सहल' हवी असते. मी मुख्याध्यापकांना म्हणते, एकाच फेरीचं जमणार नाही, चार नसतील तर नको. पहिल्या वर्षी दोनच शाळा तयार झाल्या. आता सहा वर्ग आहेत, त्याहून जास्त घेत नाही.

पहिल्या फेरीत प्रत्येक मुलाला एक झाड मिळतं. ते त्याचं वर्षभराचं. ऐन, हेदू, कळंब, कोशिंब, मोह, बिबा, काकड, शिवण, कांडोळ, पांगारा. झाडाचं नाव मी सांगत नाही. आधी सालीला हात लावायचा, डोळे मिटून. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, कांडोळाची कागदासारखी सुटणारी, सावरीची काटेरी. मग वहीत त्या सालीचा ठसा पेन्सिलीने घासून घ्यायचा. मग जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर शिंप्याच्या टेपने घेर मोजायचा. आपल्याकडे झाडं मोजणारे हीच उंची वापरतात, म्हणून तीच. झाडावर पिवळ्या रंगाचा बारीक ठिपका करा, म्हणजे पुढच्या वेळी टेप तिथेच लागेल. नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही वाटाड्याकडून. आधी नाव कळलं की मूल बघायचं थांबतं, हे मी एकतीस वर्षं वर्गात पाहिलं होतं, पण खरं उमगलं ते इथे.

जूनमध्ये जमीन बोलते. शेवळं ही रानभाजी वर आलेली असते. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची फळं घालतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच रानात मिळतात, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात. टाकळा, कुर्डू, लोत स्वतः खुडायचं, पण आमच्या कुंपणाच्या आत. उद्यानाचं एक पानही तोडायचं नाही, हे रोज सांगायचं. दुपारी तीच भाजी तांदळाच्या भाकरीबरोबर पानात येते. घरी भेंडीला नाक मुरडणारी मुलं टाकळा दुसऱ्यांदा मागून घेतात.

सप्टेंबरमध्ये तेरडा, कवला आणि वाटेवर हात पसरावेत एवढी कोळ्यांची जाळी. गणपती नुकतेच गेलेले असतात, म्हणून पत्रीपासून सुरुवात करते: आघाडा, माका, डोरली, रुई. बाजारात पत्री म्हणून जो कसलाही पाला मिळतो तो आणि खरी पत्री शेजारी ठेवायची. मुलं घरी जाऊन आजीशी वाद घालतात, आणि पुढच्या वर्षी कधीकधी आजीच बरोबर येते.

फेब्रुवारीची फेरी सोपी वाटते, पण तीच अवघड. पानं झडलेली, सगळं करडं. अशा वेळी पळस आणि पांगारा पेटलेले असतात. फुलांतला मध प्यायला कोण येतं याची नोंद एका झाडाखाली बसून वीस मिनिटं, न बोलता. मग एक वीत लांब, एक वीत रुंद चौकोन आखून त्यातला पाचोळा थर उचलत बघायचा: वर कोरडं पान, खाली जाळी झालेलं पान, त्याखाली काळी माती. आमच्या वाडीत पाचोळा जाळत नाहीत. शेजारच्या बंगल्यांतून धूर येतो तेव्हा मुलं स्वतःहून विचारतात, आणि त्यांना उत्तरही माहीत असतं.

मेमध्ये शाळेला सुट्टी असते, म्हणून पालकांसह बोलावते. करवंदं, आळूची फळं, आणि महिन्याच्या शेवटी काजवे. वर्षातून हीच एक संध्याकाळ आम्ही अंधार पडल्यावर थांबतो, तीही ओटीवरच, मोबाइल टोपलीत ठेवून. त्या रात्री झाडाचा घेर चौथ्यांदा मोजून झालेला असतो. फरक कधी काही मिलिमीटरांचा, कधी काहीच नाही. "वर्षभरात एवढंच?" असं मूल विचारतं, तेव्हा मी त्याला परत खांबाकडे नेते आणि खांबाचा घेर मोजायला सांगते.

पाड्यावरची माणसं शिक्षक आहेत

येऊरला पाटोणापाडा, जांभूळपाडा असे पाडे आहेत. वारली, महादेव कोळी, कातकरी कुटुंबं पिढ्यानपिढ्या तिथे राहतात. आमचे चारही वाटाडे पाड्यांवरचे, त्यात दोघी जणी. त्यांना मदतनीस म्हणू नका आणि मदतनिसाचा पैसा देऊ नका. माझ्याकडे कुणी पक्षितज्ज्ञ आला तर त्याला जे मानधन, तेच त्यांना, त्याच दिवशी, रोख. काय सांगायचं आणि काय नाही, हे ते ठरवतात. औषधी पाल्याच्या काही गोष्टी त्या मावशी मुलांना सांगत नाहीत, मी विचारतही नाही. वाघोबाच्या ठिकाणी त्यांनी नेलं तरच जायचं, आणि फोटो नाही.

भिंतीवर शोभेला वारली चित्रं काढून घ्यायची टूम आहे. आम्ही ती नाकारली. लग्नाच्या चौकात, म्हणजे भिंतीवरच्या चौकोनी चित्रात, पालघट देवी का मांडतात हे मावशींनी एकदा मुलांना सांगितलं, शेणमातीच्या भिंतीवर तांदळाचं पीठ कसं लावतात ते दाखवलं, आणि पुढच्या पावसात ते पुसलं गेलं. तसंच असायला हवं, असं त्या म्हणाल्या.

पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याबद्दल मुलांना दोन वाक्यं तरी सांगा. झाडं वाचवायची म्हणजे माणसं हटवायची, एवढंच शिकून मूल घरी जाऊ नये.

बिबट्या, साप आणि उरलेला डबा

पालकांचा पहिला प्रश्न बिबट्याचा असतो. खरं उत्तर द्या: हो, इथे आहे, आणि आपल्याला बहुधा दिसणार नाही. तो वस्तीजवळ येतो तो मुख्यतः कुत्र्यांसाठी, आणि कुत्री जमतात कचऱ्यामुळे. म्हणून डब्यातलं उरलेलं एक शीतही वाडीत पडत नाही, सगळं झाकणाच्या टाकीत. मुलं साडेचारला फाटकाबाहेर. एकट्याने झुडपामागे कुणी बसायचं नाही. रात्री दिवे पिवळे, खाली तोंड केलेले आणि गरजेपुरते. बिबट्या दिसलाच तर ओरडा नाही, पाठलाग नाही, गर्दी नाही. मुलांना एकत्र करून घरात घ्यायचं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन.

सापांसाठी बूट आणि काठी. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावं वाटाड्यांना आणि शिक्षकांना चित्रासह पाठ हवीत. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. तिथे प्रतिविष आहे की नाही हे दर महिन्याला फोन करून विचारा आणि गाडी तयार ठेवा. आमच्याकडे आजवर वेळ आली नाही, तरी फोन मी करतेच.

लावणं कमी, काढणं हळू

पाच जूनला, पर्यावरण दिनाला, बसभर माणसं घेऊन येतो, खड्डे तुम्ही खणा, असं म्हणणारे भेटतील. एकदा मी होकार दिला होता. दोनशे रोपं लावली गेली, त्यात गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प. एकही इथलं नाही. त्यातलं सुबाभूळ आम्ही अजून उपटतो आहोत. आता फक्त वाडीतल्या आणि पाड्याजवळच्या झाडांचं बी गोळा करून रोपं करतो, वर्षाला तीनशेच्या आत, आणि ज्याने लावलं त्याने दोन उन्हाळे पाणी घालायचं.

घाणेरी बाहेरून येऊन माजलेली, पण ती एकदम साफ करू नका. तिच्यात बुलबुल घरटी करतात, ससे लपतात. हिवाळ्यात एक पट्टा काढा, तिथे इथली झुडपं येऊ द्या, पुढच्या वर्षी दुसरा. रानमोडी, हेही बाहेरचंच तण, मात्र फुलण्याआधी उपटा.

मार्च ते जून उथळ थाळ्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला.

पैसा

खासगी शाळेच्या मुलामागे एका फेरीचे सहाशे रुपये घेते. चोवीस मुलांचे चौदा हजार चारशे. चार वाटाडे बाराशे रुपयांप्रमाणे, स्वयंपाकाच्या दोन बायका हजार-हजार, शिधा अडीच हजार. पाच हजारांच्या आसपास उरतात. दोन खासगी वर्गांच्या शिलकीतून महापालिका शाळेच्या एका वर्गाची फेरी निघते. सहापैकी दोन वर्ग असे. शाकारणीचा खर्च रोपविक्रीतून आणि मोठ्यांच्या चुनाकामाच्या शिबिरातून येतो. लग्नाला, वाढदिवसाला, रात्रीच्या पार्टीला जागा द्यायची नाही. एका शनिवारच्या भाड्यात आमचं निम्मं वर्ष निघेल हे मला माहीत आहे. पण त्या आवाजाने घुबड गेलं तर ते परत येणार नाही, आणि सोमवारी मी मुलांना काय सांगू?

एक वही जास्त ठेवा

प्रत्येक मुलाचं नाव, झाडाचा क्रमांक, चार घेर आणि घरचा पत्ता एका जाड वहीत लिहा. मोबाइल क्रमांक बदलतात, पत्ता सहसा राहतो. आमच्या डोंगरावरची कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते: २०१६, मग २०२४. २०१६ ला पाचवीत असलेल्या सगळ्यांना मी २०२४ च्या ऑगस्टमध्ये पोस्टकार्डं टाकली. अठ्ठेचाळीसपैकी सतरा जण आले, दाढीमिशा फुटलेले, कॉलेजची बॅग पाठीला. आल्या आल्या कारवीकडे न जाता प्रत्येक जण आधी आपल्या झाडाशी गेला. टेप मी खिशात ठेवलाच होता.

२०२४ च्या मुलांची नावं मागच्या पानावर आहेत. पुढची फुलं २०३२ ला. तेव्हा मी नसले तर कार्डं कुणी टाकायची, हे त्याच पानावर खाली लिहून, विश्वस्तांच्या सह्या घेऊन ठेवलं आहे.